काका जोसेफ बॅप्टिस्टा : टिळकांच्या खांद्याला खांदा लावणारा आपला माणूस

मार्च महिना आला की दोन संतांचे सण लागोपाठ येतात. १७ तारखेला आयर्लंडचा आश्रयदाता संत पॅट्रिक आणि १९ तारखेला पवित्र कुटुंबाचा पालक, कष्टकऱ्यांचा आधार संत योसेफ. १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत एका ईस्ट इंडियन घरात एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव जोसेफ. या मुलाने पुढे राजकारणाचा धडा घेतला तो आयरिश लोकांकडून आणि आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली ती कामगारांसाठी. योगायोगच म्हणायचा, पण आम्हांला तो आवडला, म्हणून सुरुवात त्यानेच केली.

लोकमान्य टिळक कोण, हे आपल्या धर्मग्रामातील शाळकरी मुलांनाही सांगावे लागत नाही. पण टिळकांच्या होमरूल लीगचा पहिला अध्यक्ष एक कॅथलिक होता, आणि त्याचे वडील आपल्या वसईच्या खाडीपलीकडच्या उत्तन गावचे होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आम्ही स्वतः ते बऱ्याच उशिरा वाचले. तेव्हापासून मनात होते की या पानावर एकदा काका बॅप्टिस्टांची ओळख करून द्यावी.

काकांचे वडील जॉन बॅप्टिस्टा उत्तनचे. उत्तन, गोराई, मनोरी, साष्टी, वसई हा सगळा पोर्तुगीजांच्या काळातील उत्तर प्रांत. येथल्या शेतकरी, कोळी आणि कारागीर कुटुंबांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या घरातली भाषा मराठी, चालीरीती कोकणपट्टीच्या आणि नावे मात्र पोर्तुगीज. पुढे मुंबई वाढू लागली, तशी तिथे नोकरीधंद्यासाठी गोव्याहूनही पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे आली. तेव्हा आपण इथले मूळचे, हे सरकारला कळावे म्हणून मुंबई-साष्टीच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ५० वर्षे झाली त्या वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव घेतले. आज आपल्या तुळिंजमध्ये वसईकर, गोवेकर, मंगळूरकर, केरळीय असे सगळे एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकतात, त्यामुळे त्या वेळची ही चढाओढ आपल्याला थोडी विचित्र वाटेल. पण त्या नावामागे सरकारी नोकऱ्यांचा प्रश्न होता आणि सरकारशी एकनिष्ठ राहण्याची भावनाही होती. हे लक्षात ठेवावे लागेल, कारण काका याच समाजातून आले आणि अगदी वेगळ्या वाटेने गेले.

माझगावच्या सेंट मेरीज शाळेत त्यांचे शिक्षण झाले. मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते शिकले. तेवढ्या शिक्षणावर त्या काळी सरकारी नोकरी सहज मिळे आणि घरचे समाधानी होत. जोसेफचे मात्र तेवढ्यावर भागले नाही. ते इंग्लंडला गेले, केंब्रिजच्या फिट्झविल्यम हॉलमधून राज्यशास्त्राची पदवी घेतली आणि लंडनला बॅरिस्टर झाले. फिट्झविल्यम हॉल हे काही श्रीमंतांचे कॉलेज नव्हते. ज्यांना मोठ्या कॉलेजांचा खर्च झेपत नाही अशा विद्यार्थ्यांना केंब्रिजची दारे उघडी व्हावीत म्हणून ती सोय झाली होती.

इंग्लंडमध्ये त्यांनी जे पाहिले, त्याने त्यांच्या आयुष्याला वळण लागले. आयर्लंड हा कॅथलिक लोकांचा देश, पण राज्य इंग्रजांचे. कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्कसुद्धा १८२९ मध्ये, डॅनियल ओकॉनेल यांच्या लढ्यानंतर मिळाला. त्यानंतर आयरिश लोकांनी मागणी लावून धरली की आमच्या देशाचा कारभार आमच्याच पार्लमेंटने करावा. यालाच होमरूल म्हणत. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८८६ मध्ये आणि पुन्हा १८९३ मध्ये तसे विधेयक आणले. पहिल्या वेळी खालच्या सभागृहानेच ते फेटाळले, दुसऱ्या वेळी उमरावांच्या सभागृहाने. बॅप्टिस्टांनी यातून दोन गोष्टी उचलल्या. एक, कायद्याच्या चौकटीत राहूनही सरकारला सळो की पळो करता येते. दुसरी, ख्रिस्ती असणे म्हणजे इंग्रज सरकारची तळी उचलणे नव्हे. ही दुसरी गोष्ट मुंबईच्या कॅथलिकांना आयर्लंडइतकी स्पष्टपणे कुणीच शिकवू शकले नसते.

ते परत आले तेव्हा मुंबई प्लेगने हैराण झाली होती. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले आणि शहर ओस पडू लागले. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते करायचे म्हणून सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टच्या नकाशावर माथारपाखाडीही होती. लाकडी जिने, बाहेर काढलेले सज्जे, मधोमध क्रूस, असे हे जुने गावठाण. अस्वच्छ वस्ती ठरवून ते पाडायचे घाटत होते. बॅप्टिस्टांनी गावकऱ्यांच्या वतीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि गावठाण वाचले. माथारपाखाडीतली माणसे आजही काकांचे नाव घेतात, ते आधी या कामासाठी, टिळक नंतर. आपल्या वसईत २००९ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा गावे वगळण्यासाठी केवढे आंदोलन झाले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना गावठाण वाचवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

१९०१ पासून ते मुंबई महापालिकेत नगरसेवक म्हणून बसू लागले. पालिकेतली त्यांची कारकीर्द लांबलचक आहे आणि तिच्यात पाणी, गटारे, रस्ते, घरपट्टी यांचाच भरणा आहे. तो सगळा तपशील येथे देत नाही. एवढे मात्र नोंदवावेसे वाटते की मोठ्या राजकारणात पडल्यावरही हे बिनचमकीचे काम त्यांनी सोडले नाही.

टिळकांशी त्यांचा स्नेह जुळला तो याच वर्षांत. दोघांची जोडी वरवर पाहता जमण्यासारखी नव्हती. एक पुण्याचा चित्पावन ब्राह्मण, गीतेचा अभ्यासक, गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देणारा. दुसरा माझगावचा कोटपाटलोणातला कॅथलिक बॅरिस्टर. पण टिळकांना इंग्रजांचा कायदा आणि इंग्लंडचे राजकारण आतून जाणणारा माणूस हवा होता, आणि बॅप्टिस्टांना आयर्लंडची कल्पना या मातीत रुजवू शकेल असा लोकनेता हवा होता.

२४ जून १९०८ रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक झाली. मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर केसरीत आलेल्या लेखांवरून हा खटला होता. टिळकांनी आपली बाजू स्वतःच मांडली, पण त्यांच्यामागे बसून कायद्याचे मुद्दे पुरवणाऱ्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. टिळक सुमारे २१ तास बोलले. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. सात विरुद्ध दोन अशा मताने टिळक दोषी ठरले आणि न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी २२ जुलैला सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. विशेष म्हणजे १८९७ च्या खटल्यात याच दावरांनी वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. शिक्षेची बातमी पसरताच मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप. रस्त्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. आम्हांला वाटते, गिरणी कामगारात केवढी ताकद आहे हे बॅप्टिस्टांनी त्या सहा दिवसांत पाहिले असणार. पुढची त्यांची वाटचाल पाहता तसे म्हणायला हरकत नाही.

टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले. त्यांचे अनेक साथीदार विखुरले, काही गप्प बसले. बॅप्टिस्टा गप्प बसले नाहीत. १९१० मध्ये नाशिकच्या कटाच्या खटल्यात तरुण विनायक दामोदर सावरकरांना मुंबईच्या विशेष न्यायालयापुढे उभे केले, तेव्हा बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा पुढे होते. सरकारच्या नजरेत असलेल्या माणसाने असे वकीलपत्र घेणे म्हणजे आपल्या व्यवसायावर धोंडा पाडून घेणेच. 

१९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटून आले आणि दोन महिन्यांत पहिले महायुद्ध सुरू झाले. काँग्रेसमध्ये नेमस्तांचे वर्चस्व होते आणि टिळकांच्या गटाला आत प्रवेश नव्हता. अशा वेळी नवी संघटना काढावी, तिचे नाव आणि रीत आयर्लंडची असावी, हा विचार बॅप्टिस्टा कितीतरी आधीपासून टिळकांपुढे मांडत होते. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला प्रांतिक परिषद भरली आणि तिथेच इंडियन होमरूल लीगची स्थापना झाली. टिळकांनी कोणतेच पद घेतले नाही. अध्यक्ष झाले जोसेफ बॅप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड असे लीगचे कार्यक्षेत्र होते. मुंबई शहर आणि उरलेला देश ॲनी बेझंट बाईंच्या लीगकडे. बाईंची लीग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाली, म्हणजे बेळगावची लीग आधीची. वर्षभरात टिळकांच्या लीगचे १४,००० सभासद झाले. सहा मराठी आणि दोन इंग्रजी पुस्तिका काढल्या, त्यांच्या ४७,००० प्रती खपल्या. ज्या काळात गावात एखाद्यालाच वाचता येई, त्या काळातला हा आकडा आहे.

स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याची टिळकांची घोषणा याच दिवसांतली. ती मुळात बॅप्टिस्टांना सुचली, असे काही अभ्यासक म्हणतात. आपल्या समाजातही ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. त्यावरून वाद घालण्यात आम्हांला रस नाही. घोषणा लोकांच्या तोंडी बसली ती टिळकांमुळे, आणि जिच्या व्यासपीठावरून ती गावोगाव गेली त्या लीगचे अध्यक्ष काका होते. काकांचा एवढा वाटा निर्विवाद आहे आणि तो पुरेसा आहे.

त्या वेळी मुंबईच्या कॅथलिकांची स्थिती काय होती, तेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या मिशनमधले बरेच धर्मगुरू जर्मन येशूसंघीय होते. इंग्लंड-जर्मनीचे युद्ध पेटले आणि हे धर्मगुरू एका दिवसात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. सरकारने त्यांना नजरकैदेत ठेवले आणि पुढे त्यांतील बहुतेकांना मायदेशी धाडले. शाळा, कॉलेज, चर्च चालवायला माणसे पुरेनात. अशा वेळी आपण कोणत्याही वादात न पडता सरकारच्या मर्जीत राहावे, असे समाजातील बहुसंख्य लोकांना वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही. भीती खरी होती. नेमक्या त्याच दिवसांत बॅप्टिस्टा टिळकांच्या शेजारी व्यासपीठावर बसत होते. आपल्याच माणसांत त्यांना किती एकटे वाटले असेल! तरी त्यांनी ना आपला धर्म सोडला, ना आपले मत.

१९१७ मध्ये लीगच्या वतीने ते इंग्लंडला गेले. जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या, तो हा समुद्रप्रवास. तिथे त्यांनी मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना गाठले. जानेवारी १९१८ मध्ये नॉटिंगहॅमला मजूर पक्षाचे अधिवेशन भरले आणि हिंदुस्थानला होमरूल मिळावे असा ठराव तेथे झाला. त्यामागे बॅप्टिस्टांची खटपट होती. त्याच वर्षी टिळक इंग्लंडला जायला निघाले, तर सरकारने परवाने रद्द करून त्यांना कोलंबोहून परत पाठवले. ते काही महिन्यांनी जाऊ शकले, तेही चिरोल या लेखकावरच्या खटल्याचे कारण होते म्हणून.

मजूर पक्षाची ओळख काकांच्या मनात घर करून राहिली. आपल्याकडेही असा पक्ष आणि अशी संघटना हवी, असे त्यांना वाटू लागले. १९२० च्या सुरुवातीला मुंबईत त्यांचे आणि सहकाऱ्यांचे एक इंग्रजी दैनिक काढायचे ठरत होते. संपादक म्हणून त्यांनी थेट पाँडिचेरीला अरविंद घोषांना पत्र लिहिले. अरविंदबाबूंनी ५ जानेवारी १९२० च्या उत्तरात नम्रपणे नकार दिला. आपले काम आता वेगळे आहे, राजकारणात परतण्याची वेळ आलेली नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. अरविंदांच्या चरित्रात हे पत्र महत्त्वाचे मानले जाते. ते कुणाला लिहिले होते, हे मात्र वाचणारे सहसा पाहत नाहीत.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. काकांचा मोठा आधार तुटला. देशाचे पुढारीपण गांधीजींकडे आले आणि असहकाराची चळवळ सुरू झाली. न्यायालये, कौन्सिले, सरकारी शाळा यांच्यावर बहिष्कार टाकणे काकांना पटले नाही. टिळकांच्या बऱ्याच जुन्या सहकाऱ्यांना ते पटले नव्हते. आत शिरून, कायद्याचाच दोर करून सरकारला बांधायचे, हा आयर्लंडचा धडा त्यांच्या अंगात मुरला होता. आमच्या मते येथे काकांचा अंदाज चुकला. कायद्याची लढाई सुशिक्षितांची होती, गांधीजींनी ती शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. पण चूक असली तरी ती प्रामाणिक होती, आणि गांधीजींच्या लाटेत शिरून पद मिळवण्याची संधी समोर असताना त्यांनी ती घेतली नाही.

ते वळले कामगारांकडे. त्या वेळच्या गिरणी कामगाराचे आयुष्य कसे होते? गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर दिवसाला चौदा-चौदा तास काम चाले. १९११ च्या कायद्याने पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. तीसुद्धा मोठी सुधारणा वाटली! ११ तासांचा दिवस आणि ६० तासांचा आठवडा १९२२ मध्ये आला. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्येच आपल्या परिपत्रकात कामगाराला कुटुंब पोसता येईल इतके वेतन मिळावे आणि त्याला संघटना करण्याचा हक्क असावा, असे जगाला सांगितले होते. माझगाव-परळच्या चाळींत ते पोहोचायचे होते. काका पोस्टमनांची गाऱ्हाणी घेऊन भांडले, गिरणी कामगारांसाठी भांडले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची, म्हणजे आयटकची, स्थापना झाली. लाला लजपतराय पहिले अध्यक्ष, आणि स्थापना करणाऱ्यांत बॅप्टिस्टा अग्रभागी.

आयटकचे दुसरे अधिवेशन १९२१ च्या अखेरीस झरियाला भरले. झरिया म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख. तेथे अधिवेशन होऊ नये म्हणून खाणमालकांनी सरकारकडे धाव घेतली. तरीही ते झाले आणि खाणकामगार हजारोंनी आले. अध्यक्षस्थानी होते काका बॅप्टिस्टा. कोळशाने काळवंडलेल्या त्या माणसांसमोर उभा असलेला माझगावचा सत्तावन्न वर्षांचा बॅरिस्टर, हे चित्र आम्हांला त्यांच्या सगळ्या आयुष्यातले सर्वांत मोठे वाटते. १९२४ मध्ये ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेला गेले.

१९२५ मध्ये मुंबईने त्यांना आपला प्रथम नागरिक केले. आदल्या वर्षी ही खुर्ची विठ्ठलभाई पटेलांकडे होती. तेव्हा या पदाला पालिकेचे अध्यक्ष म्हणत, महापौर हे नाव १९३१ मध्ये आले. तरी लोकांच्या बोलण्यात काका मुंबईचे महापौरच. ज्या माणसाने आपली पाखाडी वाचवण्यासाठी सार्वजनिक कामात पाऊल टाकले, तो सगळ्या शहराचा कारभारी झाला. आणि राहिला कुठे? माथारपाखाडीतच.

१९३० मध्ये काका वारले. तेव्हा मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटला होता. वर्तमानपत्रांत, सभांत, तुरुंगांत सगळीकडे नवी नावे होती. त्यामुळे काकांच्या मागे त्यांचे नाव लावून धरणारे कुणी उरले नाही, असे आम्हांला वाटते. गांधीजींच्या अनुयायांना ते टिळकांचे, टिळकभक्तांना ते ख्रिस्ती बॅरिस्टर, कामगार पुढाऱ्यांना फारच मवाळ, आणि आपल्या समाजाला ते राजकारणी. प्रत्येकाने ते दुसऱ्याचे समजले. आजही आपल्या घरांत मुलाने इंजिनिअर व्हावे, परदेशी जावे, बँकेत लागावे, असे सगळे बोलले जाते. त्याने नगरसेवक व्हावे, युनियनचे काम करावे, असे म्हणणारे आईबाप क्वचितच भेटतात. आम्हीही म्हटलेले नाही, हे कबूल करतो.

काकांच्या खुणा पाहायच्या असतील तर लांब जायला नको. नालासोपाऱ्याहून गाडी पकडून अंधेरीला उतरावे आणि हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला जावे. स्टेशनाशेजारच्या भंडारवाडा टेकडीवर पाण्याच्या टाकीवर केलेली बाग आहे, तिला जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान नाव दिले आहे. वरून गोदी आणि समुद्र दिसतो. खाली उतरून विचारत गेले की माथारपाखाडी सापडते. जुनी लाकडी घरे काही उरली आहेत आणि क्रूसही आहे. परतीच्या वाटेवर त्याच लाइनीला शिवडी लागते. तेथल्या ख्रिस्ती दफनभूमीत काकांना पुरले आहे. जाताना सोबत मेणबत्ती आणि चार फुले न्यावीत.